संकेतस्थळांवरील चित्रांचे ओझे हलके करा

पेरणीला जसा वापसा साधावा लागतो, तशी शेतीविषयक सल्ल्यालाही आपली वेळ असते. जमिनीत योग्य ओल असताना बी पडले तर ते जोमाने उगवते. तीच वेळ टळली की उत्तम प्रतीचे बियाणेही वाया जाते. किडींच्या बंदोबस्ताविषयीच्या माहितीची गोष्ट अशीच आहे. अळी लहान असताना माहिती हाती आली तर थोड्या खर्चात काम भागते. अळी मोठी होऊन पोंग्यात शिरल्यावर तीच माहिती केवळ हळहळ वाढविते.

ही माहिती आज फार मोठ्या प्रमाणावर संकेतस्थळांच्या द्वारे प्रसृत होत असते. कृषी विद्यापीठे, शासकीय खाती, शेतकऱ्यांच्या कंपन्या, इतकेच काय पण कित्येक ग्रामपंचायतीही आपापली संकेतस्थळे चालवितात. त्यांवरील पाने सचित्र असतात, ही समाधानाची बाब होय. तथापि यांपैकी पुष्कळ पाने इतकी जड असतात की, बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर ती उघडता उघडत नाहीत. पडद्यावर पांढरा चौकोन दिसत राहतो, मधोमध चक्र फिरत राहते आणि अखेरीस कंटाळून शेतकरी मोबाईल खिशात घालतो. मग तो जवळच्या दुकानदाराला विचारतो आणि दुकानात जे औषध असेल ते घेऊन येतो. सल्ला तयार होता, चित्रेही होती. पण ती वेळेवर पोहोचली नाहीत.

या दोषाचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. पानावर चित्रे चढविणारा एक असतो आणि त्यांचे ओझे वाहणारा दुसराच असतो. चित्रे चढविणारा कार्यालयात जलद जोडणीवर काम करीत असल्यामुळे त्याला पान हलकेच वाटते. भार पडतो तो वाचकाच्या वेळेवर, त्याच्या मोबाईलवर आणि त्याने पैसे भरून घेतलेल्या डेटावर. म्हणून पानाची मांडणी आणि चित्रांचे माप ठरविताना वाचकाच्या हातातील साधन व त्याचे त्या घटकेचे काम हेच प्रमाण मानले पाहिजे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

चित्र हवे, पण कामाचे

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. पान हलके करा म्हणजे चित्रे काढून टाका, असा याचा अर्थ नव्हे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून विस्तारकार्यात चित्रांचे महत्त्व सर्वमान्य आहे. भित्तिपत्रके, माहितीपट व शेतावरील प्रात्यक्षिके यांनी जे काम केले, ते नुसत्या भाषणांनी कधीच झाले नसते. शेतकऱ्याचा विश्वास डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर बसतो आणि तसा तो बसणे योग्यही आहे.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे उदाहरण घ्या. मूळ अमेरिका खंडातील ही कीड भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा भागात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही येऊन पोहोचली. शेतकऱ्याला ती सर्वस्वी नवी होती. तिची ओळख दोन खुणांवरून पटते. एक, डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढावे तशी फिकट रेघ. आणि दुसरी, शरीराच्या मागील टोकाजवळ चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ठेवावेत तसे चार ठळक काळे ठिपके. हे वर्णन शब्दांत कितीही नेमके केले, तरी एका स्पष्ट चित्राची सर त्याला येत नाही. अशा ठिकाणी चित्र हाच सल्ल्याचा गाभा असतो.

परंतु याच पानावर सर्वात वर काय आढळते? कित्येक ठिकाणी आपोआप सरकणारी सहा-सात मोठी छायाचित्रे असतात. त्यांत इमारतीचे दर्शनी रूप असते, दीपप्रज्वलन असते, सत्कार असतो, व्यासपीठावरील मान्यवरांची रांग असते. अळीचे चित्र त्यांच्याही खाली, पानाच्या तळाशी असते. आणि वरचा सर्व फौजफाटा उतरून झाल्यावर त्याची पाळी येते. समारंभाची छायाचित्रे संस्थेला प्रिय असावीत हे स्वाभाविक आहे. त्यांच्यासाठी वेगळे पान ठेवावे. परंतु मक्याच्या पोंग्यात अळी पाहून धावत आलेल्या माणसाला प्रथम सत्काराचे हार दाखविणे, हे दवाखान्याच्या दाराशी रुग्णाला अडवून इमारतीच्या कोनशिलेचा इतिहास सांगण्यासारखे आहे.

म्हणून पहिली सूचना अशी की, प्रत्येक चित्राला एकच प्रश्न विचारावा: हे चित्र पाहून शेतकरी कोणता निर्णय घेईल? ज्या चित्राला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, ते सल्ल्याच्या पानावरून काढून टाकावे. जगातील कोणत्याही युक्तीने साधणार नाही इतका वेग या एका निवडीने साधतो, कारण जे चित्र पाठवावयाचेच नाही, त्याला शून्य वेळ लागतो.

वजनाचा हिशेब

आता वजनाचा हिशेब पाहू. मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र पुष्कळदा ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच असते. पिक्सेल म्हणजे ज्यांच्या एकत्र येण्याने चित्र बनते ते बारीक रंगीत ठिपके. अशा छायाचित्रात १ कोटी २० लाख ठिपके होतात आणि त्याचे वजन ३ ते ५ मेगाबाईट भरते. याउलट पुष्कळशा स्वस्त मोबाईलचा पडदा अवघा ७२० ठिपके रुंद असतो. त्यावर त्याच प्रमाणातील चित्र दाखविण्यास ७२० गुणिले ५४०, म्हणजे सुमारे ३ लाख ८९ हजार ठिपके पुरे होतात. याचाच अर्थ असा की, मूळ छायाचित्र जसेच्या तसे चढविले तर आपण गरजेच्या सुमारे ३१ पट ठिपके पाठवितो. शेतकऱ्याच्या पडद्यावर ते कोठे दिसतही नाहीत. एका पोत्याची गरज असलेल्या घरी एकतीस पोती नेऊन टाकावीत आणि हमाली घरमालकाकडूनच घ्यावी, असा हा व्यवहार आहे.

एका पानावर अशी १० छायाचित्रे असून प्रत्येक ४ मेगाबाईटचे आहे असे धरू. एकूण ४० मेगाबाईट झाले. जोडणीचा वेग मोजताना मेगाबिट हे एकक वापरतात आणि १ मेगाबाईट म्हणजे ८ मेगाबिट. तेव्हा पानाचे वजन ३२० मेगाबिट झाले. शेतात सेकंदाला १ मेगाबिट एवढा वेग मिळत असेल, तर पान पूर्ण उतरण्यास ३२० सेकंद, म्हणजे ५ मिनिटे २० सेकंद लागतील. हीच चित्रे पडद्याच्या मापाची करून प्रत्येकी ८० किलोबाईटवर आणली, तर दहा चित्रांचे मिळून ८०० किलोबाईट होतात आणि त्यांना साडेसहा सेकंदांहून कमी वेळ पुरतो. त्यातही पडद्यावर प्रथम दिसणारी दोनच चित्रे आधी पाठविली, तर ती सव्वा सेकंदाच्या आसपास समोर येतात. या हिशेबात जोडणी जुळण्यास लागणारा इतर वेळ धरलेला नाही; तरीही पाच मिनिटे आणि सव्वा सेकंद यांतील अंतर पुरेसे बोलके आहे.

माप, काटछाट आणि साठवण

चित्र हलके करण्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली पायरी काटछाटीची. छायाचित्रात सबंध मक्याचे झाड, मागे बांध, त्यामागे आकाश आणि मधोमध बोटभरही नसलेली अळी असेल, तर पडद्याच्या मापाला आणताच अळीवरील खुणा नाहीशा होतात. असे चित्र कितीही जड ठेवले तरी निरुपयोगीच. त्याऐवजी अळीचे डोके व मागील टोक ठळक दिसेल एवढाच भाग कापून घ्यावा. आकाराची कल्पना यावी म्हणून छायाचित्र काढतानाच शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे. दुसऱ्या चित्रात पानावरील खिडक्यांसारखे पांढरे चट्टे, तिसऱ्यात पोंग्यातील भुशासारखी विष्ठा दाखवावी. अशी तीन नेमकी चित्रे दहा ढोबळ चित्रांपेक्षा अधिक शिकवितात आणि वजनालाही कमी भरतात.

दुसरी पायरी मापाची. काटछाट झालेले चित्र पडद्याला साजेल इतक्या रुंदीचे करावे. आजकाल पानाच्या रचनेत एकाच चित्राच्या दोन-तीन मापांच्या प्रती नोंदवून ठेवता येतात, आणि लहान पडद्याला लहान व मोठ्या पडद्याला मोठी प्रत ब्राउझर आपण होऊन निवडतो. पान बांधून देणाऱ्या कारागिराकडे या सोयीची मागणी करावी. ज्यांना अधिक बारकाईने पाहावयाचे असेल, त्यांच्यासाठी चित्राखाली ‘मोठे चित्र पाहा, ४०० किलोबाईट’ अशी जोड द्यावी. वजन आधीच सांगितले म्हणजे ते उचलावयाचे की नाही, हे शेतकरी स्वतः ठरवू शकतो.

तिसरी पायरी साठवणीच्या पद्धतीची. छायाचित्रांसाठी सर्वाधिक रूढ असलेली जेपेग पद्धत १९९२ साली प्रमाणित झाली. डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे सोडून देऊन ती चित्र लहान करते. २०१० साली गूगलने वेबपी ही पद्धत पुढे आणली. तिच्या कर्त्यांच्या मोजमापानुसार तेवढ्याच प्रतीचे चित्र जेपेगपेक्षा साधारणतः चतुर्थांश ते एकतृतीयांश हलके होते. एव्हीआयएफ ही २०१९ सालची पद्धत पुष्कळदा त्याहूनही काटकसरीची ठरते. मात्र जुने मोबाईल ती ओळखत नाहीत, म्हणून तिच्या जोडीला जेपेग प्रत ठेवावी. पीएनजी ही पद्धत रेखाचित्रे, आलेख व बोधचिन्हे यांकरिता चांगली. छायाचित्र तीत साठविले तर ते विनाकारण कैक पट जड होते.

येथे दोन गोष्टींची दक्षता घ्यावी. जेपेग चित्र पुनःपुन्हा बदलून साठविले तर प्रत्येक वेळी त्याचा दर्जा थोडा घसरतो. म्हणून मूळ छायाचित्र निराळे जपून ठेवावे आणि दर वेळी त्यावरूनच नवी प्रत काढावी. संदेशांतून फिरत आलेले छायाचित्र आधीच दाबले गेलेले असते, तेव्हा शक्यतो ज्याने ते काढले त्याच्याकडून मूळ प्रत मागवावी. दुसरे असे की, मोबाईलने काढलेल्या छायाचित्रात ते कोठे व केव्हा काढले याची नोंद दडलेली असू शकते. एखाद्या शेतकऱ्याच्या शेताचा ठावठिकाणा अशा रीतीने त्याच्या अनुमतीवाचून जाहीर होणे इष्ट नाही. चित्र चढविण्यापूर्वी ही नोंद काढून टाकावी. त्यायोगे वजनही थोडे घटते.

ही कामे अवघड नाहीत. गिम्प हे विनामूल्य साधन संगणकावर वापरता येते. स्क्वूश हे साधन तर ब्राउझरमध्येच चालते आणि मूळ व दाबलेले चित्र शेजारी शेजारी ठेवून दाखविते, त्यामुळे अळीवरील ठिपके शाबूत राहिले की नाही हे तत्काळ कळते. शेकडो चित्रे एकदम हलकी करावयाची झाल्यास संगणकतज्ज्ञाने इमेजमॅजिकचा उपयोग करावा.

आधी अक्षरे, मग चित्रे

पानाचा वेग केवळ वजनावर अवलंबून नसतो; कोणती वस्तू आधी येते यावरही तो अवलंबून असतो. बैलगाडीत माल भरताना जो आधी उतरावयाचा तो शेवटी व हाताशी ठेवतात. पानाच्या बाबतीतही असाच विचार करावयास हवा. किडीचे नाव, ओळखण्याच्या खुणा आणि आज काय करावे हा मजकूर सर्वांत आधी आला पाहिजे. त्याच्या पाठोपाठ ओळखीचे मुख्य चित्र यावे. खालची चित्रे वाचक तेथवर सरकेल तेव्हाच मागविली जावीत. या सोयीला लेझी लोडिंग म्हणतात. २०१९ पासून ती ब्राउझरमध्येच येऊ लागली असून तिच्यासाठी आता वेगळ्या कारागिरीची गरज उरलेली नाही. मात्र सर्वांत वरच्या चित्राला ती लावू नये. तसे केल्यास नेमके जे आधी हवे, तेच मागे राहते.

आणखी एक दोष वारंवार आढळतो. चित्राची रुंदी व उंची पानाच्या रचनेत आधी सांगून ठेवलेली नसेल, तर ब्राउझर त्याच्यासाठी जागा राखीत नाही. मजकूर वर येतो, आणि मागाहून चित्र उतरताच तो धाडकन खाली सरकतो. ‘कापूस’ या शब्दावर बोट टेकवावे तोच तेथे ‘सोयाबीन’ येते आणि भलतेच पान उघडते. घाईत असलेल्या माणसाच्या हे लक्षातही येत नाही आणि तो दुसऱ्याच पिकाची शिफारस वाचू लागतो. दोन आकडे लिहिल्याने जो अनर्थ टळतो, त्याबाबत आळस करणे क्षम्य नव्हे.

मजकुराचे चित्र करू नका

आता ज्या प्रथेविषयी आम्हांस सर्वाधिक खेद वाटतो, तिचा उल्लेख केला पाहिजे. अनेक संकेतस्थळांवर सूचना, औषधांच्या मात्रांचे तक्ते व योजनांचे अर्ज हे कागदावर छापून, त्यांचे छायाचित्र काढून चढविलेले असतात. याने काय होते ते पाहा. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला संगणकात सामान्यतः ३ बाईट लागतात. २००० चिन्हांची पूर्ण सूचना मजकूर म्हणून लिहिली, तर ती सुमारे ६ किलोबाईटमध्ये बसते. आणि पाठविताना दाबली जाऊन त्याहूनही लहान होते. त्याच कागदाचे रंगीत छायाचित्र सहज ५०० किलोबाईटचे भरते. वजन ऐंशी पटींनी वाढले, आणि उपयोग मात्र घटला. कारण चित्रातील शब्द शोधून सापडत नाहीत, वृद्ध वाचकाला अक्षरे मोठी करून नीट वाचता येत नाहीत, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी साधने अशा चित्रापुढे मुकी होतात.

यात जिवावर बेतणारा धोकाही आहे. जेपेग पद्धतीत चित्र फार दाबले तर अक्षरांच्या व आकड्यांच्या कडा विटतात. कीटकनाशकाच्या मात्रेच्या तक्त्यात दहा लिटर पाण्यासाठी १ मिलिलिटर लिहिले आहे की ७, हे अंधुक चित्रावरून ठरविण्याची पाळी शेतकऱ्यावर आली, तर दोष कोणाचा? एक चूक पीक करपविते, दुसरी फवारणी करणाऱ्या मजुराच्या अंगावर येते. औषधाची मात्रा ही नेहमी मजकुरातच लिहिली पाहिजे, याबाबत कोणतीही सवलत नसावी.

त्याचप्रमाणे प्रत्येक चित्राला शब्दांत पर्यायी वर्णन जोडावे. ‘चित्र क्रमांक ३’ असे वर्णन कुचकामी होय. ‘मक्याच्या पानावरील अळी, मागील टोकाजवळ चौकोनात चार काळे ठिपके’ असे लिहिले, तर चित्र उतरले नाही तरी सल्ला पोहोचतो. शोभेच्या अक्षरवळणांचाही मोह आवरावा. देवनागरीत जोडाक्षरे पुष्कळ असल्याने तिच्या अक्षरसंचाचे वजन मोठे असते. मोबाईलमध्ये मुळात असलेल्या अक्षरांनी काम भागते तेथे परका संच पाठवू नये.

काही आक्षेप

या विचारावर असा आक्षेप घेतला जाईल की, आता जोडण्या जलद झाल्या आहेत. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूंच्या तारा नेण्यात येत आहेत; ऑक्टोबर २०२२ पासून देशात ५जी सेवाही सुरू झाली. मग किलोबाईट मोजण्याची कृपणता कशासाठी?

याला तीन उत्तरे आहेत. पहिले असे की, तार पंचायतीच्या कचेरीपर्यंत येते. कीड मात्र शेतात असते. कचेरीपासून शेतापर्यंतचा प्रवास मनोऱ्याच्या लहरींवरच होतो, आणि डोंगराच्या कुशीत, उंच उसाच्या फडात किंवा मनोऱ्यावर गर्दी झाली असता त्या क्षीण होतात. दुसरे असे की, चित्र उतरल्यावर मोबाईलला ते उलगडावेही लागते. १ कोटी २० लाख ठिपक्यांचे चित्र उलगडले, की प्रत्येक ठिपक्याला ४ बाईट या हिशेबाने त्याला सुमारे ४८ मेगाबाईट स्मृती लागते. अशी दहा चित्रे एका पानावर आली तर स्वस्त मोबाईल अडखळतो किंवा पानच बंद पडते. जोडणी कितीही जलद असली तरी हा भार कमी होत नाही. तिसरे उत्तर अनुभवाचे आहे. रस्ता रुंद झाला म्हणजे गाड्या मोठ्या होतात. जोडण्या सुधारल्या तशी जगभरची पाने फुगत गेली, आणि आज मध्यम प्रतीचे पानही २ मेगाबाईटच्या पुढे गेलेले आहे. वेगाचा लाभ वाचकाच्या पदरात पडावयाचा असेल, तर लेखणी हाती असलेल्यानेच संयम पाळावयास हवा.

दुसरा आक्षेप असा की, पान जलद आहे की नाही, याची मापे तज्ज्ञांनी ठरविलेली आहेत. आमचे पान त्यांत उत्तीर्ण होते. अशी मापे आहेत हे खरे. गूगलने २०२० साली जाहीर केलेल्या मापांनुसार पानावरील मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी अपेक्षा आहे. ही मापे उपयुक्त आहेत आणि ती अवश्य वापरावीत. परंतु त्यांतील एक अट ध्यानात घेतली पाहिजे. शंभर भेटींपैकी पंचाहत्तर भेटींत ही अपेक्षा पूर्ण झाली, की पान चांगले ठरते. उरलेल्या पंचवीस भेटी कोणाच्या? ज्याचा मोबाईल जुना, ज्याचे गाव मनोऱ्यापासून दूर, ज्याचे शेत सखल भागात, त्याच्याच त्या असण्याचा संभव अधिक. व्यापारी पेढीला हा चतुर्थांश सोडून देणे परवडत असेल. विस्तारकार्याला ते परवडणारे नाही, कारण ज्यांच्यापर्यंत दुसरे कोणी पोहोचत नाही त्यांच्यापर्यंत पोहोचणे हेच त्याचे प्रयोजन होय.

गावपातळीवर काय करता येईल

हे सर्व काम तज्ज्ञांचे आहे असे म्हणून स्वस्थ बसू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना पुढील गोष्टी सहज करता येतील.

पानाची परीक्षा कचेरीत करू नका. ती शेतात, साध्या मोबाईलवर, उन्हात उभे राहून करा. पान उघडण्यास लागलेले सेकंद घड्याळावर मोजून तारीख, गाव व पानाचे नाव यांसह वहीत टिपा. पेजस्पीड इनसाइट्स हे विनामूल्य साधन पानाचा पत्ता दिला असता कोणते चित्र किती जड आहे, हे दाखविते. त्याचा निकाल आपल्या टिपणाला जोडून वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवा. ‘पान हळू चालते’ या तक्रारीकडे दुर्लक्ष होऊ शकते. ‘अमुक पान आमच्या गावात ४८ सेकंदांत उघडले आणि त्यात ४ मेगाबाईटची सात चित्रे आहेत’ या तक्रारीकडे तसे होणे कठीण.

ग्रामपंचायतीचे वा गटाचे संकेतस्थळ नव्याने बांधून घेताना करारातच वजनाची मर्यादा घाला. आमच्या मते सल्ल्याच्या पानावरील कोणतेही चित्र १०० किलोबाईटहून आणि प्रथमदर्शनी उतरणारा सर्व भाग ५०० किलोबाईटहून जड नसावा. जशी आपण अंदाजपत्रकाच्या बाहेर रक्कम खर्च करीत नाही, तसेच हे अंदाजपत्रक पाळावे. नवे चित्र चढवावयाचे असेल तर जुने एखादे उतरवावे. चढविणाऱ्याने मोठे चित्र दिले तरी संकेतस्थळाने ते आपोआप लहान करून घ्यावे, अशी सोयही करारात मागावी. कारण माणूस बदलतो, सवयी विसरल्या जातात, पण यंत्राला लावलेली शिस्त टिकते.

शेतकरी बंधूंना व भगिनींनाही एक विनंती आहे. पान उघडले नाही, तर आपला मोबाईल जुना आहे किंवा आपल्याला ते जमत नाही, असे मानून गप्प बसू नका. पुष्कळदा दोष पानाचा असतो. तो कळविणे हा आपला अधिकार आहे, आणि आपल्या एका तक्रारीने शेजारच्या दहा शेतांचे काम सुकर होते. आपण शेतात काढलेली किडींची छायाचित्रे कार्यकर्त्यांना द्या. जवळून काढलेले, नाणे शेजारी ठेवलेले, स्थिर हाताने टिपलेले आपले एक छायाचित्र पानावरील कित्येक शोभेच्या चित्रांची जागा घेईल.

शेतीचे शास्त्र प्रयोगशाळेत सिद्ध होते, पण ते सार्थ होते शेतात. या दोहोंमधील वाट आज मोबाईलच्या लहानशा पडद्यावरून जाते. ती वाट अडवून बसलेली जड चित्रे बाजूला सारणे हे काही मोठ्या खर्चाचे काम नाही. त्याला हवी आहे थोडी काटछाट, थोडी मोजदाद, आणि पलीकडे उभ्या असलेल्या माणसाची आठवण. येत्या खरिपाच्या पेरण्या सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कार्यालयाने आपल्या संकेतस्थळावरील सल्ल्याची पाने या दृष्टीने एकदा तपासून घ्यावीत आणि जी जड आढळतील ती पाऊस पडण्याआधी हलकी करावीत.